कपात कुणाच्या ताटातली?

सरकारचा खर्च मिळकतीच्या पुढे गेला की नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, खर्चाला कात्री लावा. दुसरा म्हणतो, कर वाढवा. पहिल्या तटातली मंडळी हमखास आपलं, म्हणजे बायकांचं, उदाहरण देतात. घरची गृहिणी नाही का महिनाअखेरीला हात आखडता घेत? मग सरकारने का घेऊ नये?

उदाहरण देणाऱ्याने स्वतः कधी महिनाअखेरचा स्वयंपाक केलेला नसतो. केला असता तर त्याला कळलं असतं की हात आखडला म्हणजे सगळ्यांच्या वाटीतलं तूप सारखं कमी होत नाही. कर्त्या पुरुषाचं तसंच राहतं, मुलाचं बहुतेक राहतं, मुलीचं कमी होतं आणि स्वतःच्या वाटीत ते कित्येक दिवसांत पडलेलंच नसतं. कपात किती करायची हा हिशेबाचा प्रश्न झाला, पण कुणाच्या ताटातून करायची हे कुणीतरी ठरवत असतं. कराचंही तेच. किती घ्यायचा यापेक्षा कुणाकडून घ्यायचा, यावर सगळं असतं.

हे मला सुचलं ते बडोद्याचा जुना इतिहास वाचताना. माझं सासर वाघोडियाचं. गायकवाडांच्या राज्यात बडोदा प्रांतातला हा लहानसा महाल. आज तिथे कारखान्यांची वसाहत आहे आणि बडोद्यात 'वाघोडिया रोड' म्हटलं की लोकांना घरांचे भाव आठवतात. तेव्हा तिथे शेती होती आणि शेतीवरचा सारा होता. राजवाड्यात काय चाललंय हे गावाला कळायचं ते साऱ्याच्या हप्त्यावरून.

खंडेराव महाराजांच्या वेळेपासून सुरुवात करू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खंडेरावांनी याच तेजीत जमिनी मोजून बिघ्यावर सारा बसवला, तोही तेजीच्या भावाने. युद्ध संपलं, कापूस कोसळला, सारा मात्र जिथल्या तिथे राहिला. तेजीत बांधलेला खर्च आणि तेजीत बसवलेला कर, दोन्ही मंदीत उतरायला तयार नसतात. आपल्या घरांतून व्यापार आहे, त्यामुळे हे मी जास्त उलगडून सांगायला नको.

खंडेरावांना शौक भारी. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांचा. मोत्यांची ती जगप्रसिद्ध चादरही त्यांनीच करवली. १८७० मध्ये ते गेले आणि भाऊ मल्हारराव गादीवर आले. थोरल्याने चांदीच्या तोफा केल्या, तर धाकट्याने सोन्याच्या ओतवल्या. तोफ सोन्याची! ती उडवायची कुणावर, हे कुणी विचारलं नाही. जवाहिऱ्यांकडून दागिने यायचे, पैसे राहायचे. तिजोरी रिकामी झाली की नजराणे वाढायचे, इजारदार बदलायचे. इजारा म्हणजे गावांची वसुली मक्त्याने देणं. मक्तेदाराने दरबारात एक रक्कम भरायची आणि मग गावातून निघेल तेवढं काढायचं. कर वाढल्याचा हुकूम कुठेच नसतो, पण गावाला तो वाढलेला कळतो. १८७३ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या मीड कमिशनपुढे रयतेने गाऱ्हाणी घातली, त्यांत सारा होता, नजराणे होते, आणि बायकांना बळजबरीने राजवाड्यात चाकरीला नेल्याच्याही तक्रारी होत्या.

मधे काही दिवस दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून येऊन गेले. राज्य सावरायचा त्यांनी प्रयत्न केला. पण एका बाजूने महाराज आणि दुसऱ्या बाजूने रेसिडेंट कर्नल फेर, यांच्यामध्ये कोण टिकणार? फेरला विष घालण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप, मल्हाररावांची चौकशी, सहा जणांच्या मंडळात तिघा इंग्रजांचं एक मत आणि तिघा हिंदी सभासदांचं दुसरं, ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन त्यांना काढलं आणि मद्रासला पाठवलं. पुण्या-मुंबईत त्यावर केवढा गहजब झाला! मला त्याचं थोडं नवल वाटतं. इंग्रजांनी आपला राजा काढला याचं दुःख खरं होतं. पण त्या राजाच्या सोन्याच्या तोफेचा भार ज्यांनी वाहिला त्यांच्यासाठी असा गहजब आधी झाला नव्हता.

आता येतात जमनाबाई. खंडेरावांच्या विधवा. नवरा गेला तेव्हा पोटुशी होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांची गादी गेली असती. झाली मुलगी, ताराबाई. जिवाच्या भीतीने पुण्याला जाऊन राहिल्या. १८७५ मध्ये परत आल्या त्या दत्तक घेण्याचा हक्क मिळवून. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ त्यांनी निवडला आणि २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. राज्य चालवायला दिवाण आले सर टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, घराणं तंजावरकडचं मराठी, त्रावणकोरची दिवाणगिरी गाजवून आणि इंदूरला काम करून आलेले. खजिन्यात खडखडाट, फौजेचे आणि नोकरांचे पगार थकलेले, सावकार-जवाहिरे दारात उभे.

अशा वेळी शहाणा दिवाण काय करील? कर वाढवील, असंच कुणीही म्हणेल. माधवरावांनी उलट केलं. थकलेल्या साऱ्यातला बराच भाग सोडून दिला. साऱ्याचे दर उतरवले. राज्यारोहणाचा नजराणा, जागोजागच्या जकाती, मालाच्या वाटेवरचे कर यांतले कित्येक काढले. इजारे मोडले आणि महालामहालाला पगारी वहिवाटदार नेमला, प्रांतावर सुभा नेमला. म्हणजे वाघोडियाच्या कुणब्याला आता मक्तेदाराची मर्जी नको, पावती पुरे. कात्री लावली ती दरबारच्या खर्चाला: खेळ-तमाशे, जनावरांच्या झुंजी, मर्जीतल्या माणसांच्या नेमणुका, खोटी बिलं. जवाहिऱ्यांची आणि सावकारांची देणी तपासून एकेक निकालात काढली. आणि वाचलेल्या पैशातून न्यायालयं, दवाखाने, पोलीस, शाळा, रस्ते यांचा खर्च वाढवला. हे महत्त्वाचं आहे. त्यांनी खर्च कमी केला असं सगळे लिहितात. खरं पाहता त्यांनी खर्चाची जागा बदलली.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. काझी शहाबुद्दीन, विनायकराव कीर्तने, जनार्दन सखाराम गाडगीळ असे शिकलेले अधिकारी त्यांनी बाहेरून आणले. माणसं कर्तबगार. पण जुन्या बडोदेकरांना वाटे, आमच्या शिलेदारांची भाकरी हिशेबात धरली जाते आणि या नव्या मंडळींचे पगार धरले जात नाहीत. कात्री ज्याच्या हातात असते त्याचं बोट तिच्यात कधी सापडत नाही. शिवाय लक्ष्मीविलास राजवाडा. पाया १८८० मध्ये घातला, पुरा झाला १८९० मध्ये. मकरपुऱ्याचा वाडा होता, नजरबाग होती, तरी तिसरा हवाच होता. जनावरांच्या झुंजी थांबल्या ते बरंच झालं (आपल्याला तर विशेष बरं वाटेल), पण कात्री राजवाड्याच्या कुंपणाशी येऊन बोथट झाली, हेही लिहायला हवं.

याच वर्षांत बडोद्याच्या सीमेपलीकडे, इंग्रजी मुलखात, काय चाललं होतं ते पाहिलं म्हणजे माधवरावांची किंमत कळते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. पुणे, सोलापूर, सातारा, कर्नाटकात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. हिंदुस्थान सरकारला खर्चाची चिंता पडली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं आणि मजुरी उतरवली गेली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. बायका-मुलांचा दर त्याहूनही कमी. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडं कमी, आणि काम दिवसभर दगड फोडण्याचं. सरकारच्याच डॉक्टरांनी सांगितलं की यावर माणूस जगत नाही. आपल्याकडच्या मजुरांनी हजारोंनी कामं सोडली, सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली. आणि त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत राणी कैसर-ए-हिंद झाल्याचा दरबार भरला होता. खर्चकपातीचा हुकूम दिल्लीच्या मांडवाला लागू नव्हता, खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरातल्या धान्याला लागू होता.

मग पुढच्या दुष्काळासाठी निधी हवा म्हणून कर. १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागीर यांच्यावर परवाना-कर बसला. मोठ्या पगाराचे सरकारी अधिकारी वगळले, वकील-डॉक्टर वगळले. लहान दुकानदार, सोनार, विणकर धरले. सुरतेने दुकानं बंद केली, दंगा झाला, गोळीबार झाला. सुरत हे शहरच तसं. १८४४ मध्ये मिठाचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला तेव्हाही तिथे दंगल झाली होती.

सुरतेच्या त्या हरताळांत आपल्या लोकांची दुकानंही बंद होती. आपल्या समाजात ही आठवण अभिमानाने सांगतात, आणि १८४४ च्या बाबतीत अभिमान योग्यच आहे, मीठ सगळ्यांच्या ताटात असतं. पण पुढे मिळकतीवर सरसकट कर आला, तेव्हा पुष्कळ पेढ्यांचा राग कराच्या रकमेपेक्षा वेगळ्याच गोष्टीवर होता, असं मला वाटतं. मिळकत दाखवायची म्हणजे वही दाखवायची. दिवाळीला जिची पूजा करतो ती वही परक्याने उघडून वाचायची! बडोद्यातही पूर्वी धंद्यावर आणि जातीवर बसवलेले कितीतरी किरकोळ वेरे होते. घाण्याचा वेगळा, मागाचा वेगळा. ते काढून त्यांच्या जागी प्राप्तिकर आणला, आणि ठरावीक मिळकतीखालच्या माणसाला मोकळं सोडलं. तेल्याचा आणि कोष्ट्याचा वेरा गेला, पेढीवाल्याला कर लागला. माझ्या मते हा बदल न्यायाचा होता. पेढीवाल्यांच्या घरातली असून मी हे लिहिते याचं काहींना वाईट वाटेल.

या वादात सर्वांत रोखठोक बोलला तो एक मराठी माणूस. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या सुमाराला 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि त्याचे भाग ठिकठिकाणी वाचून दाखवले. त्या ठिकाणांत बडोदा होतं, ऐकणाऱ्यांत तरुण सयाजीराव होते. फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सारा आणि लोकल फंड शेतकरी भरतो, त्यावर पगार नि पेन्शन खातात गोरे आणि त्यांचे देशी कामगार, आणि त्याच पैशावर शिकतात वरच्या जातींची मुलं. तेव्हा कात्री लावायची असेल तर या मोठ्या पगारांना लावा, आणि शेतकऱ्याचा पैसा त्याच्या मुलांच्या शाळेवर खर्च करा. हंटर कमिशनला आदल्याच वर्षी त्यांनी हेच लिहून दिलं होतं. कपात आणि खर्च दोन्ही एकाच दमात मागणारा हा माणूस. ज्यांना एकच बाजू पटते त्यांना तो अजूनही अडचणीचा वाटतो.

सयाजीरावांनी ते किती मनावर घेतलं हे त्यांच्या खर्चावरून पाहावं. डिसेंबर १८८१ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. त्यानंतर वर्षभराच्या आतच माधवराव निघून गेले. तरुण राजा आणि जाणता दिवाण यांचं जमलं नाही. सयाजीराव खर्च करणारे राजे होते. एलियटसाहेबांकडून सगळ्या राज्याची नव्याने मोजणी करवून सारा बसवला. बारखली, म्हणजे साऱ्यातून सुटलेल्या इनामी जमिनींच्या सनदा तपासायला काढल्या. त्यावरून इनामदार बिथरले. सनदा तपासणाऱ्या खात्यातच लाचेची प्रकरणं निघाली, बापट नावाच्या अधिकाऱ्याची चौकशी १८९४ मध्ये गाजली आणि तिच्यात त्यांच्या बचावासाठी खुद्द टिळक बडोद्यात येऊन राबले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या काहीच भरलं नाही त्यांच्याकडून थोडं घ्यायला निघालं की केवढी धूळ उडते, ते या प्रकरणात दिसतं.

आणि पाणी. बडोदा शहराला प्यायला पाणी हवं म्हणून सूर्या नदीवर आजव्याला धरण बांधलं. १८९२ मध्ये ते पुरं झालं. सयाजी सरोवर. ते आहे वाघोडिया तालुक्यात, आमच्याकडून जवळच. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना आजवा दाखवायला न्यायचं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. लाखो रुपयांचं काम, राजाची दूरदृष्टी, सगळं खरं. पटकीने मरणारं शहर त्या पाण्याने वाचलं असेल. पण नळ गेला तो बडोद्याला. सारा भरणारी खेडी धरणाच्या काठी होती आणि तिथल्या बायका घागर घेऊन विहिरीवर. चांगल्या खर्चालाही हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो विचारला म्हणून कुणी खर्चाच्या विरोधात जात नाही.

१८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ गुजरातेत अजून नावाने ओळखतात. विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पनिया. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा राज्याची वस्ती २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. या पडझडीनंतर सयाजीरावांनी १९०४ मध्ये रमेशचंद्र दत्तांना आणून महसूल खातं त्यांच्या हाती दिलं. दत्तांनी नुकताच लॉर्ड कर्झनशी जाहीर वाद घातला होता की दुष्काळात माणसं मरतात ती नुसता पाऊस नाही म्हणून नव्हे, साऱ्याने त्यांच्या घरात काही शिल्लक ठेवलेलं नसतं म्हणून. असं म्हणणाऱ्यालाच सारा ठरवायला बसवलं. त्यांनी सारा हलका केला, जकाती कमी केल्या, प्राप्तिकराची खालची मर्यादा वर नेली. आणि राज्याचं उत्पन्न असं हलकं होत असतानाच, १९०६ मध्ये, सयाजीरावांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्याला लागू केलं. अमरेलीत ते १८९३ पासून करून पाहिलेलं होतंच.

इथे गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे जायला हवं, कारण बडोद्याचं उदाहरण त्यांनीच कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं. गोखल्यांचं मला फार कौतुक आहे ते एका कारणाने. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारला धारेवर धरलं. तिजोरीत शिल्लक पडते म्हणून फुशारता काय, ती शिल्लक गरिबाकडून जास्त कर घेतल्याची खूण आहे, लष्कराचा खर्च आवरा आणि मिठावरचा कर उतरवा, असा त्याचा आशय. तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. म्हणजे गोखले कपातवाले, असं म्हणून मोकळं व्हावं, तर हाच माणूस १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं बिल घेऊन उभा राहिला आणि पैसा कुठून आणणार विचारल्यावर म्हणाला, कर बसवा. नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना शिक्षण-कर घेण्याची मुभा द्या. बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात पाच टक्क्यांवरून साडेसात करा. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या घरच्या मुलाकडून मात्र फी नको.

दहा वर्षांत माणूस बदलला का? मुळीच नाही. मीठ घेणारी बाई आणि विलायती माल घेणारा शेठ यांत त्याने फरक केला, तोफ आणि शाळा यांत फरक केला. कौन्सिलातल्या सरकारी सभासदांना आणि कित्येक जमीनदारांना तो फरक पटला नाही. मार्च १९१२ मध्ये बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

त्या बिलात एक गोष्ट होती, तिच्यावर कुणी फार बोलत नाही. सक्ती आधी मुलग्यांना. मुलींचं पुढे पाहू. खर्च आटोक्यात राहावा, विरोध कमी व्हावा, म्हणून असेल. गोखल्यांसारख्या माणसाच्या हिशेबातही तूप आधी मुलीच्या वाटीतलं कमी झालं.

बडोद्यात निदान मुलींचं नाव कायद्यात पहिल्यापासून होतं. पण तिथेही मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा. दोन वर्षं कमी. तेवढीही मुलगी शाळेत पाठवली नाही तर पालकाला दंड. शेतावर निघालेल्या आईने नऊ वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडाजवळ घरी ठेवलं की दंड लागायचा, आणि तो भरायचा त्याच घराने, जिथे सारा भरतानाही मारामार होती. सरकारी वहीत ही रक्कम जमेच्या बाजूला लिहिली जाई.